वही घेऊन बसलेली मुलगी

भांडी घासून, जनावरांना वैरण टाकून आता रेडिओजवळ बसला असाल. आज विषय जरा वेगळा आहे. लोणची-पापड नाही, कर्जाचे हप्तेही नाहीत. आज आपण रोबोटच्या स्पर्धेबद्दल बोलणार आहोत. त्यातही रोबोट बनवणाऱ्यांबद्दल कमी आणि वही घेऊन दुसऱ्या संघांचे रोबोट बघत बसणाऱ्यांबद्दल जास्त.

"याचा आपल्याशी काय संबंध?" असं लगेच म्हणू नका. हा विषय आमच्या गटाच्या बैठकीतच निघाला, आणि तोही भांडणातून.

झालं असं. आमच्या एका सभासद ताईंची मुलगी नववीला आहे. तिच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अशा प्रयोगशाळा शाळाशाळांत निघाल्या, हे तुम्हाला माहीत असेल. तिथल्या मुलामुलींनी मिळून चाकांवर चालणारा एक छोटा रोबोट केला आणि शाळेने त्यांना स्पर्धेला नेलं. स्पर्धेवरून मुलगी घरी आली ती रुसूनच. "मुलांनी रोबोट चालवला. मला नुसतं वही घेऊन बसवलं. दुसऱ्यांचे रोबोट बघ आणि लिही म्हणाले."

ताई बैठकीत तावातावाने बोलल्या, "मुलींच्या हातात शेवटी वहीच द्यायची ना? घरात केरसुणी, तिथं वही!" आम्हालाही ते पटलं. सगळ्याजणी मान हलवत होतो. तेवढ्यात आमच्या गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, थांबा जरा. माझी नात अमेरिकेत हेच काम करते. आणि तिथं तर वहीवाल्यांना विचारल्याशिवाय संघाचं पान हलत नाही."

काकू लेकीकडे मिशिगन राज्यात चार महिने राहून आल्या आहेत. मार्च महिन्यात नातीच्या शाळेच्या संघाची स्पर्धा होती, तेव्हा दोन दिवस त्या तिथल्या हॉलमध्ये बाकावर बसून होत्या. त्या दिवशी त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. पुढच्या बैठकीत व्हिडिओ कॉल लावून आम्ही नातीशीही बोललो. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीतून आणि नंतर आम्ही जे वाचलं त्यातून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

स्पर्धा कशी असते?

या स्पर्धेचं नाव फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन. फर्स्ट ही अमेरिकेतली संस्था आहे. डीन केमन नावाच्या संशोधकाने ती १९८९ मध्ये सुरू केली. मुलं खेळाडूंना डोक्यावर घेतात, तसं त्यांनी विज्ञानालाही घ्यावं, हा त्यामागचा विचार. पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. तेव्हा २८ संघ होते. आज जगभरात हजारो संघ आहेत. मुंबईतूनही संघ या स्पर्धेला गेलेले आहेत.

दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. कधी चेंडू उडवायचे, कधी फोमच्या कड्या टाकायच्या, कधी प्लास्टिकच्या नळ्या खांबावर लावायच्या. खेळ सगळ्यांना एकाच दिवशी कळतो. मग काही आठवड्यांत मुलं आपापला रोबोट तयार करतात. रोबोट म्हणजे माणसासारखा पुतळा नव्हे बरं का! चाकांवरचं यंत्र असतं, वजन पन्नास किलोच्या आसपास. काकूंच्या भाषेत सांगायचं तर "हात असलेली पेटी."

मैदान साधारण ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद. त्यावर एका वेळी सहा रोबोट उतरतात, तीन लाल बाजूचे आणि तीन निळ्या बाजूचे. सामना जेमतेम अडीच मिनिटांचा. सुरुवातीचे थोडे सेकंद रोबोट आधी शिकवून ठेवल्याप्रमाणे आपोआप चालतो, कोणी हात लावायचा नाही. त्यानंतर मुलं रिमोटने चालवतात. बहुतेक वर्षी शेवटी रोबोटने वर चढायचं किंवा दांड्याला लटकायचं असतं, त्याचे वेगळे गुण.

इथे एक गंमत आहे, ती नीट लक्षात घ्या. सुरुवातीच्या सामन्यांत आपले दोन जोडीदार कोण, हे आपण ठरवत नाही. वेळापत्रकच ते ठरवतं. सकाळी जो संघ आपल्या बाजूने खेळला, तोच दुपारी आपल्याविरुद्ध उभा राहतो. म्हणून तिथे कायमचा शत्रू कोणीच नसतो. आज ज्याला हरवायचं, उद्या त्याच्याच खांद्याला खांदा लावायचा असतो.

मग वहीची गरज कुठे लागते?

समजा ४० संघ आले आहेत आणि प्रत्येकाचे १२ सामने आहेत. त्यातून क्रमवारी लागते. पहिले आठ संघ म्होरके होतात. मग सगळ्यांसमोर मैदानात उभं राहून प्रत्येक म्होरक्याने आणखी दोन संघ निवडायचे. तिघांची मिळून एक आघाडी, अशा आठ आघाड्या. म्हणजे २४ संघ पुढच्या फेरीत जातात आणि उरलेले १६ बहुधा सामान आवरतात.

निवडीचा क्रमही ऐका. पहिल्या फेरीत पहिला नंबर आधी निवडतो, मग दुसरा, असं आठव्यापर्यंत. दुसऱ्या फेरीत उलटं, आठवा आधी आणि पहिला शेवटी. म्हणजे पहिल्या नंबराचा तिसरा गडी हा सगळ्यांनी घेऊन झाल्यावर उरलेल्यांतला असतो.

आता विचार करा. सगळ्यात चांगला रोबोट कोणता, हे बाकावर बसलेल्या काकूंनाही दिसत होतं. त्याला वही कशाला हवी? पण २३ संघ निवडले गेल्यावर जे १७ उरले, त्यातला कामाचा कोणता? ते डोळ्यांना दिसत नाही. तिथे वहीच लागते. नात म्हणाली, "पहिला जोडीदार सगळ्यांनाच माहीत असतो. आमची मेहनत असते ती दुसऱ्यासाठी."

आणखी एक नियम आहे. म्होरक्याने बोलावलं आणि एखाद्या संघाने नकार दिला, तर त्या संघाला नंतर दुसरं कोणी बोलावू शकत नाही. तो स्वतः म्होरक्या असेल किंवा होणार असेल तरच त्याचा निभाव लागतो. त्यामुळे कोणाला कधी विचारायचं आणि आपल्याला विचारलं तर काय उत्तर द्यायचं, याची तयारी आदल्या रात्रीच करावी लागते.

क्रमवारीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, हेही इथेच कळतं. जोडीदार नशिबाने मिळालेले असतात. एखाद्याला बाराही सामन्यांत तगडे जोडीदार मिळाले, तर तो वर जातो. एखादा गुणी संघ कमकुवत जोडीदारांमुळे पंचविसावा राहतो. पुढे उभा आहे म्हणून चांगला, मागे आहे म्हणून वाईट, असं नसतं. आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

बघण्याचे दोन प्रकार

दुसऱ्या संघांची अशी पाहणी करण्याला तिथे स्काउटिंग म्हणतात. त्याचे दोन भाग असतात.

पहिला भाग म्हणजे विचारपूस. प्रत्येक संघाला दुरुस्तीसाठी एक छोटी जागा दिलेली असते, तिला पिट म्हणतात. आपल्या यात्रेतल्या पालासारखीच. मुलं वही घेऊन पालापालातून फिरतात. तुमचा रोबोट किती वजनाचा? चाकं कशी आहेत? वर चढता येतं का? आपोआप चालण्याच्या वेळात काय करतो? फोटो काढू का? हे सगळं उघडपणे, विचारून चालतं. कोणी लपूनछपून बघत नाही. उलट संघ हौसेने माहिती देतात, कारण त्यांनाही कोणीतरी निवडायला हवं असतं.

पण विचारपुशीत एक अडचण आहे. विचारलं तर प्रत्येकजण चांगलंच सांगतो. "चढता येतं" म्हणजे घरी सरावात एकदा चढला होता, असंही असू शकतं. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. आपल्या लेकराबद्दल कोणीही जरा चढवूनच सांगतं.

म्हणून दुसरा भाग, प्रत्यक्ष बघणं. मैदानात सहा रोबोट, म्हणून बाकावर सहा मुलं. प्रत्येकाने एकाच रोबोटवर नजर ठेवायची. बाकी कितीही धमाल चालू असली तरी आपला रोबोट सोडायचा नाही. किती वेळा उचललं, किती वेळा बरोबर टाकलं, किती चुकलं, आपोआपच्या वेळात हलला की नाही, शेवटी चढला की नाही, मध्येच बंद पडला का. सामना संपला की एक ओळ पूर्ण. पुढच्या सामन्याला दुसरा रोबोट.

हिशेब करा. ४० संघ, प्रत्येकी १२ सामने, म्हणजे ४८० ओळी. एकेका सामन्याच्या सहा, असे ८० सामने. दोन दिवस हेच. काकू म्हणाल्या, "माझी नात माझ्या शेजारी बसलेली, पण माझ्याकडं बघंना. मी डबा पुढं केला, तर डोळे मैदानावर ठेवूनच हात पुढं केला." थकवा येतो, कंटाळा येतो, म्हणून पाळ्या लावतात. सहाजणं लिहितात तेव्हा दुसरी सहा जेवतात. बाकांवर जागा अडवून ठेवायला मात्र बंदी आहे. रुमाल टाकून जागा धरायची आपली युक्ती तिथे चालत नाही!

काही संघ कागदावर लिहितात, काही टॅबवर. तिथे रोबोट बिनतारी संदेशावर चालतात. त्यात अडथळा नको म्हणून संघांना हॉलमध्ये स्वतःचं वायफाय लावता येत नाही. मग मुलांनी युक्ती काढली. टॅबवर भरलेल्या माहितीचा क्यूआर कोड होतो, तो दुसऱ्या यंत्राने टिपायचा आणि माहिती गोळा करायची. आपण भाजीवाल्याला पैसे देताना टिपतो ना, तसंच.

लिहिलेलं खरं कशावरून?

हा प्रश्न आमच्या सचिवांनी विचारला. साहजिक आहे, कीर्द त्याच लिहितात. त्यावर नातीचं उत्तर आम्हाला फार आवडलं. ती म्हणाली, आम्ही ताळा करतो. लाल बाजूच्या तिन्ही रोबोटचे आमच्या वहीतले गुण मिळवायचे आणि फलकावर लागलेल्या गुणांशी ताडून बघायचे. जवळपास जुळले तर ठीक. फार फरक आला तर तिघांपैकी कोणीतरी चुकलं आहे. मग व्हिडिओ बघून दुरुस्ती करायची. आपण रोख शिल्लक आणि कीर्द जुळवतो, त्यातलाच हा प्रकार.

ज्यांच्याकडे सहा-सहा मुलं नसतात असे छोटे संघ एकत्र येतात आणि एकमेकांत वाटून माहिती लिहितात. सामन्यांचे निकाल द ब्ल्यू अलायन्स नावाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघायला मिळतात. त्या निकालांवरून गणिताने एकेका रोबोटचा वाटा काढण्याची रीतही आहे. ती कशी, ते आपल्या शेतातल्या उदाहरणाने सांगतो.

तीन बाया भुईमुगाच्या शेंगा तोडतात. रोज जोडी बदलते आणि मालक फक्त जोडीच्या पाट्या मोजतो. पहिली आणि दुसरी मिळून १० पाट्या. दुसरी आणि तिसरी मिळून ८. पहिली आणि तिसरी मिळून १२. एकटीने किती तोडल्या? तिन्ही आकडे मिळवा, ३० होतात. प्रत्येकीचं काम त्यात दोनदा आलं, म्हणून तिघींचं मिळून १५. त्यातून पहिली-दुसरीचे १० वजा केले की तिसरीच्या ५. मग दुसरीच्या ३ आणि पहिलीच्या ७. बघा, एकटीचं कोणी मोजलंच नव्हतं, तरी अंदाज निघाला. रोबोटचंही असंच, फक्त आकडेमोड संगणक करतो.

पण हे गणित पुरेसं नाही, आणि म्हणूनच माणसाचे डोळे लागतात. समजा दुसरी बाई शेंगा कमी तोडते, पण पाट्या उचलून बांधावर नेते, सगळ्यांना पाणी देते. तिच्या नावावर तीनच पाट्या दिसणार! मैदानातही असे रोबोट असतात. ते स्वतः गुण कमी मिळवतात, पण समोरच्याची वाट नियमात राहून अडवून धरतात. आकड्यांत ते शून्य दिसतात. म्हणून वहीत आकड्यांशेजारी एक रिकामी चौकट असते, शेरा लिहायला. "समोरच्याला तीन वेळा रोखलं." "साखळी निसटली, पण पुढच्या सामन्याला दुरुस्त करून आले." "जोडीदाराचं ऐकतात." ज्या कामाचा आकडा होत नाही, ते काम या चौकटीत येतं. आमच्या बैठकीत यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. प्रत्येकीला आपापल्या घरातली रिकामी चौकट आठवली असेल.

सरासरीचा चकवा

आणखी एक गोष्ट. समजा एका रोबोटने सहा सामन्यांत २०, ०, १८, ०, २२, ० असे गुण मिळवले. दुसऱ्याने ९, १०, ११, १०, ९, ११. दोघांचीही बेरीज ६०, दोघांचीही सरासरी १०. मग कोणता घ्यायचा?

आम्ही सगळ्या एकदम म्हणालो, दुसरा! रोजच्या रोज ठरलेली बचत आणणारी बाई गटाला परवडते. पण नात म्हणाली, बहुतेक वेळा होय, पण नेहमी नाही. आपली आघाडी आधीच भक्कम असेल तर भरवशाचा घ्यायचा. आपण आठव्या नंबरावर असू आणि समोर पहिला नंबर असेल, तर सरळ खेळून हरणारच. मग कधी कधी मोठा डाव खेळणारा घ्यावा लागतो. म्हणजे सगळ्यांसाठी एकच "उत्तम" असा नसतो. आपल्याला काय कमी आहे, त्यावर ते ठरतं. आपल्याकडे दोन उचलणारे असतील, तर तिसरा अडवणारा हवा.

हे सगळं आदल्या रात्री एकत्र बसून ठरतं. वही उघडी ठेवून वाद होतात आणि शेवटी एक यादी निघते. तीच हातात घेऊन संघाची प्रतिनिधी मैदानात उभी राहते.

जिंकायचं, पण कसं?

दुसऱ्याची बारीक नोंद ठेवणं म्हणजे उणीदुणी काढणं नव्हे, हे त्या मुलांना पहिल्या दिवशीच शिकवतात. "फालतू रोबोट" असं लिहायचं नाही. "आठव्या सामन्यात चाक निखळलं" असं लिहायचं. पहिल्यात राग आहे, दुसऱ्यात माहिती आहे. शिवाय ते वाक्य उद्या त्या संघाने वाचलं, तरी मान खाली घालावी लागणार नाही.

या स्पर्धेत वुडी फ्लॉवर्स नावाचे एक प्राध्यापक होते. ते एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत शिकवत. २०१९ मध्ये ते वारले. जीव तोडून स्पर्धा करा, पण समोरच्याला मानाने वागवा, ही शिकवण त्यांनी तिथे रुजवली. तिला ते ग्रेशियस प्रोफेशनॅलिझम म्हणत. आपल्या शब्दांत सांगायचं तर कामात चोख आणि वागण्यात दिलदार. म्हणून सामन्याआधी एखाद्याचा सुटा भाग तुटला, तर विरोधी संघच आपल्या पेटीतून काढून देतो. आणि दुसऱ्या बाजूच्या संघाला "या सामन्यात जरा कमी खेळा, आमचा फायदा होईल" असं सांगायला नियमानेच बंदी आहे.

काकूंनी हे डोळ्यांनी बघितलं. नातीच्या वहीत एका संघाच्या नावापुढे तीनदा "बंद पडला" असं लिहिलं होतं. मधल्या सुट्टीत नात आणि तिची मैत्रीण त्या संघाच्या पालात गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचा रोबोट धक्का बसला की बंद पडतो, तेही उजवीकडून बसला की. तिकडची वायर बघा." वायर सैल होती. दुपारी तो संघ नातीच्याच संघाविरुद्ध खेळला आणि चांगला खेळला. काकूंनी विचारलं, "असं का केलंस गं?" नात म्हणाली, "उद्या तोच आमचा जोडीदार असेल, आजी."

आता आपल्या मुलीची वही

हे सगळं ऐकून झाल्यावर आमच्या ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तिची वही घरी आहे. आणू का?"

वही आली. शंभर पानी, मागच्या बाजूने सुरू केलेली. मुलीने काय सुंदर लिहिलं होतं! त्या स्पर्धेतही दोन-दोन संघांची जोडी करून खेळ होता, आणि शेवटच्या फेरीसाठी जोडीदार आपण निवडायचा होता. पोरीने प्रत्येक संघाचं एक पान केलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं, तरी तिने फेरीवार नोंद ठेवली होती. एका पानावर लिहिलं होतं, "दिसायला सगळ्यात भारी. दिवे लावलेत. पाचपैकी तीन फेऱ्यांत मध्येच थांबला." दुसऱ्या पानावर, "पुठ्ठ्याचा आहे. हळू चालतो. एकदाही थांबला नाही."

शाळेच्या संघाने जोडीदार म्हणून कोणाला निवडलं? दिवेवाल्याला. शेवटच्या फेरीत तो मध्येच थांबला आणि दोघंही बाहेर पडले.

"तू सांगितलं नाहीस का?" आम्ही मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही. निवडायच्या वेळी मी बाकावर होते. ते सगळे खाली मैदानात होते."

मैत्रिणींनो, आमच्या भांडणाचं मूळ तेव्हा सापडलं. वही देणं हा अपमान नव्हता. वही देऊन ती न वाचणं हा अपमान होता. लिहिण्याचं काम एकीकडे आणि ठरवण्याचं दुसरीकडे, असं झालं की लिहिणारी नुसती कारकून उरते. आणि नुकसान सगळ्यांचंच होतं, रोबोट चालवणाऱ्या मुलांचंसुद्धा.

आम्ही चौघीजणी शाळेत गेलो. भांडायला नाही, वही घेऊन गेलो. सरांना ती दोन पानं दाखवली. सरांनी वाचली आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. आम्ही दोन गोष्टी मागितल्या. एक, नोंद ठेवणारं मूल निवड करताना मैदानात हवं आणि त्याची वही उघडून मगच निर्णय व्हावा. दोन, कामाच्या पाळ्या असाव्यात. मुलींनी स्क्रू ड्रायव्हर धरावा, रिमोट हातात घ्यावा आणि मुलांनीही बाकावर बसून वही लिहावी. वही मोलाची आहे, म्हणून ती मुलींनाच द्यायची, असं होऊ नये. आम्हाला ती युक्ती ओळखीची आहे. "तुझ्या हातची भाकरी छान" म्हणून आयुष्यभर चुलीपुढेच बसवतात.

पहिली गोष्ट सरांनी लगेच मान्य केली. दुसरीबद्दल "बघू" म्हणाले. आम्ही दर महिन्याला जाऊन विचारणार आहोत. आमच्या इतिवृत्तात तसा ठराव लिहिला आहे.

गटासाठी यातून काय घेतलं?

गेल्या दिवाळीत फराळाची मोठी मागणी आली होती. आमच्या एका गटाला ती झेपणार नव्हती, म्हणून आम्ही आणखी एक गट जोडीला घेतला. का घेतला? त्यांचा प्रदर्शनातला स्टॉल झकपक होता, अध्यक्ष बोलायला गोड होत्या. माल वेळेवर आला नाही आणि आम्हाला रात्रभर जागून तो भरून काढावा लागला. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. आम्ही दिवे बघून जोडीदार निवडला.

आता आम्ही एक वही केली आहे. आजूबाजूच्या गटांबरोबर काम करताना त्यात फक्त जे बघितलं तेच लिहितो. माल ठरल्या दिवशी आला का, वजन भरलं का, अडचण आली तेव्हा आधी कळवलं का. सांगोवांगी लिहायचं नाही. माणसाचं नाव घेऊन शेरा मारायचा नाही, कामाबद्दल लिहायचं. आकडा न होणाऱ्या मदतीसाठी एक मोकळी चौकट ठेवायची. आणि ती वही त्या गटाने मागितली तर दाखवता येईल, अशीच लिहायची. आमच्याबद्दलही कोणी अशी वही ठेवत असेल तर हरकत नाही. आमची सैल वायर आम्हाला येऊन सांगितली, तर आम्ही आभारच मानू.

पहिलं पान कोणी लिहिलं माहीत आहे? त्या नववीतल्या मुलीने. रकाने तिने आखले, आम्हाला समजावलंही तिनेच. जाताना म्हणाली, "पण पुढच्या वेळी मला रिमोट हवाय हं!" आम्ही म्हणालो, "हवाच!"

तुमच्या गावातल्या शाळेत अशी प्रयोगशाळा असेल, तर एकदा जाऊन या. आपल्या मुली तिथे काय करतात ते बघा. आणि एखादी वही घेऊन बसलेली दिसली, तर तिच्यावर दया दाखवू नका आणि तिला उठवूही नका. आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "काय लिहिलंस गं? वाचून दाखव."

येतो मैत्रिणींनो. पुन्हा भेटू. नमस्कार!